तेल सांडलं त्यांचं, धुपाटणं आपल्या हाती

मंडळी, मागच्या अंकात केरळजवळ बुडालेल्या जहाजावर चार ओळी खरडल्या तेव्हा वाटलं होतं की नागपुरात हे कोण वाचतंय, आपल्याकडे लाट म्हणजे संध्याकाळी फुटाळा तलावावर उठते तेवढीच. पण पत्रं इतकी आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले. वारसाहक्कवाल्यांनी आणि फ्लॅट सोसायटीवाल्यांनी रागवू नका, तुमचा नंबर पुढच्या खेपेला.

"भाऊ, नागपुरात बसून समुद्रातल्या तेलगळतीवर काहून लिहून राहिले? समुद्र इथून आठशे किलोमीटर. आमच्याकडे तेलाचा तवंग येतो तो फक्त तर्रीवर."
एक वाचक, महाल

काका, मग तर्रीपासूनच सुरू करू. पुढच्या वेळी सावजीकडे बसाल तेव्हा वाटी समोर आल्या आल्या, कोणी हात लावायच्या आधी, वरचं लाल तेल चमच्याने हळूच बाजूला काढून पाहा, बरंचसं निघतं. आता दुसरी वाटी घ्या, ती दोन मिनिटं जोरात ढवळा आणि मग काढून दाखवा. नाही निघत ना? थेंब थेंब होऊन सगळ्या रश्श्यात शिरलेलं असतं. समुद्रात लाटा हेच ढवळायचं काम करतात, आणि कच्चं तेल जास्तच हट्टी, ते पाणी स्वतःत ओढून घेतं, त्याचा चॉकलेटी लोण्यासारखा लगदा होतो आणि सांडलं होतं त्याच्या कितीतरी पट माल किनाऱ्याला लागतो. म्हणून पहिला एखाद-दुसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच दिवस "फार काही सांडलेलं नाही" हे सांगण्यात जातो. २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हाही आधी हेच ऐकवलं गेलं, आणि मग माणसं खडकांवर ओळीने उभी राहून बादल्यांनी काळा लगदा उपसताना अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली. हो, बादल्यांनी.

आता समुद्र लांब आहे हे खरं, पण तेल समुद्रातच सांडतं हे कोणी सांगितलं तुम्हाला? अमेरिकेत मिशिगन राज्यात जुलै २०१० मध्ये जमिनीखालची पाइपलाइन फुटली, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, तिथल्या लोकांना वाटलं पाइपात हवेचा बुडबुडा असेल म्हणून त्यांनी पंप बंद करायच्या ऐवजी परत सुरू केले, सतरा तास हा खेळ चालला आणि शेवटी कळलं कसं, तर बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं की बाबांनो, इथं तेल वाहून राहिलंय. तोवर कॅलामाझू नदीची वाट लागली होती. आपल्याकडे आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानला २७ मे २०२० ला विहीर उसळली, म्हणजे तेल-वायूची विहीर, ९ जूनला पेटली, कंपनीचे दोन अग्निशमन कर्मचारी गेले, विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बीलवर, म्हणजे तिथल्या पाणथळीवर, तेलाचा थर बसला. समुद्र तिथूनही लांबच आहे.

आणि नागपूरचं म्हणाल तर खापरी-बोरखेडीकडून निघणारे टँकर वर्धा रोडवर तुम्ही रोज पाहता. वर देशभरातल्या पेट्रोल साठ्याला, पंपांच्या टाक्यांना लायसन्स देणारी संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, माहीत होतं? सकाळी तिकडे फिरायला जाणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना नसतं. तर महालातून ऑटो केला तरी पोचता तिथे.

"ओबामाने बीपी कंपनीच्या साहेबांना बोलावून २० अब्ज डॉलर काढायला लावले. आपल्या सरकारमध्ये ती हिंमत का नाही? कायदा वगैरे सब बहाणे आहेत."
एक वाचक, प्रतापनगर

हिंमतीचा भाग आहेच, पण तुम्ही सांगितली ती अर्धी गोष्ट. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ती डीपवॉटर होरायझन नावाची रिग, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणारा तरंगता सांगाडा, पेटली, ११ कामगार मेले, आणि समुद्राच्या तळाशी असलेली बीपीची विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. सरकारी अंदाज होता ४९ लाख बॅरलचा. आता गंमत अशी की त्यांच्या १९९० च्या कायद्यात (एक्झॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज १९८९ ला अलास्कात खडकावर चढलं, त्यानंतर केलेला कायदा हा) लोकांच्या नुकसानीपोटी कंपनीने द्यायच्या रकमेला मर्यादा होती साडेसात कोटी डॉलर. सफाईचा खर्च वेगळा, पण भरपाई एवढीच. म्हणजे २० अब्ज मागायचा अधिकार कुठल्याही कलमात लिहिलेला नव्हता, व्हाइट हाउसमध्ये बसवून, लोकांच्या रागाचा धाक दाखवून कबूल करून घेतला तो पैसा.

आणि दुसऱ्याच दिवशी काय झालं ते ऐका. संसदेच्या समितीसमोर कंपनीचा मुख्य अधिकारी बसलेला, आणि टेक्सासचे एक खासदार, जो बार्टन, यांनी चक्क कंपनीची माफी मागितली, म्हणाले ही तर खंडणी झाली. स्वतःच्या पक्षाने कान उपटले तेव्हा संध्याकाळपर्यंत शब्द मागे घेतले. आपण हसतो, पण जरा थांबून पाहा, टेक्सासात हजारो घरं तेलावर चालतात, त्यांनाही कोणीतरी निवडून दिलेला माणूस लागतोच. किनाऱ्यावरच्या कोळंबीवाल्याचा प्रतिनिधी वेगळा आणि तेलवाल्याचा वेगळा, आणि दोघंही एकाच सभागृहात. लोकशाहीत हे असंच राहणार, फरक इतकाच की बार्टन साहेबांनी ते माइकसमोर केलं म्हणून जगाला दिसलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवून गेली ती गोष्ट वेगळीच. तिथं समुद्रातल्या विहिरींची सुरक्षा तपासणारं खातं आणि त्याच विहिरींमधून सरकारसाठी रॉयल्टी गोळा करणारं खातं, एकच होतं! जितकं तेल निघेल तितका गल्ला भरणार, आणि त्याच माणसाने जाऊन म्हणायचं की थांबा, तुमचा व्हॉल्व्ह नीट नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. अपघातानंतर ते खातं तोडून वेगवेगळं केलं. आता आपल्याकडे पाहा, ज्यांच्या टाक्या, ज्यांच्या पाइपलाइनी, ज्यांच्या रिफायनऱ्या, त्यातल्या बऱ्याचशा कंपन्यांची मालकी सरकारचीच, लायसन्स देणारं सरकारच, दंड करणारं मंडळही सरकारचंच, आणि त्या कंपनीचा लाभांश बजेटमध्ये धरणारंही सरकारच. हिंमत कुठून आणायची? बापाने पोराच्या दुकानावर धाड टाकायची म्हणजे आधी दोघांना समोरासमोर बसून चहा प्यावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे कायदा कमी नाही, तो चालवणारा हात गल्ल्यात अडकलाय.

पुढचं थोडक्यात: २०१४ मध्ये कोर्टाने बीपीचा घोर निष्काळजीपणा ठरवला, जबाबदारी वाटली ती बीपी ६७ टक्के, रिगवाली कंपनी ३० आणि सिमेंटचं काम केलेली ३ टक्के, मग सरकारांबरोबर २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. मात्र त्यातला बराच भाग कंपनीला खर्च म्हणून टॅक्समधून वजा करता आला, म्हणजे थोडं धुपाटणं तिथल्याही जनतेच्या हाती आलंच.

आणि नुसत्या हिंमतवाल्या सरकारचं उदाहरण हवं असेल तर रशिया. २९ मे २०२० ला नोरिल्स्कला डिझेलची टाकी फुटली, सुमारे २१ हजार टन वाहून गेलं, तिथल्या गव्हर्नरला खरी कल्पना आली ती दोन दिवसांनी सोशल मीडियावरून, पुतीनने व्हिडिओवर सगळ्यांना झापलं आणि कंपनीला १४६ अब्ज रूबलचा दंड बसला, तो तिने भरलासुद्धा. पण तो जवळजवळ सगळा गेला मॉस्कोच्या तिजोरीत, ज्या गावचं पाणी लाल झालं त्या गावाला त्यातलं चिमूटभर. ताकद होती, पण गावाकडून भांडणारं कोणी नव्हतं.

"सर मी एमपीएससी करते. समुद्रात तेल सांडलं तर अधिकार केंद्राचा की राज्याचा? क्लासमध्ये एक सांगतात आणि पुस्तकात वेगळंच दिलंय."
अभ्यासिकेतली एक वाचक, धंतोली

ताई, दोन्ही बरोबर असतील, कारण राज्यघटनेनेच ते असं कापलंय की मधून धागे लोंबत राहिले. सातवी अनुसूची काढ. जहाज वाहतूक, मोठी बंदरं, खनिज तेल हे सगळं केंद्राच्या यादीत. पाणी, सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत. मासेमारी तर अर्धी अर्धी, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची राज्याची आणि त्याच्या पलीकडची केंद्राची. म्हणजे मच्छीमाराच्या होडीचा कागद राज्याचा, तिच्या बाजूने जाणाऱ्या तेलाच्या जहाजाचा कागद केंद्राचा, आणि तेल बिचारं कुठलीच यादी न वाचता दोघांच्या मधून वाहतं.

गळती झाल्यावर समुद्रात धावायचं काम १९९३ पासून तटरक्षक दलाकडे आहे, राष्ट्रीय आराखडा १९९६ चा. त्यात ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या पायरीची, त्यावर १० हजार टनांपर्यंत दुसरी, पुढे तिसरी. हे पाठ कर, विचारतात. पण किनाऱ्याला लागलेलं तेल पुसायचं ते राज्याने, जिल्हाधिकाऱ्याने.

आता केरळचं घे. २४ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे लायबेरियाचा झेंडा लावलेलं जहाज कलंडलं, दुसऱ्या दिवशी बुडालं, ६४० कंटेनर, त्यातले १३ धोकादायक मालाचे, टाकीत साडेतीनशे टनांच्या वर फर्नेस ऑइल आणि वेगळं डिझेल. खलाशी सगळे वाचले. बुडालं कुठे, तर किनाऱ्यापासून साधारण साडेचौदा सागरी मैलांवर. म्हणजे बाराच्या बाहेर! मग कंपनीचे वकील म्हणणारच की राज्याचा इथे संबंध काय. राज्य म्हणालं, जहाज बाहेर बुडालं असेल पण नुकसान आमच्या दारात आलं, आणि हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा टाकला. सागरी दाव्यात एक भारी हत्यार असतं, त्याच कंपनीचं दुसरं जहाज बंदरात असेल तर ते अटकवून ठेवता येतं, तसं केरळातल्याच विळिंजम बंदरात एक जहाज अडकवलं, आणि नंतर कोर्टाने बाराशे कोटींच्या वर रकमेची हमी ठरवली. मालक मात्र जहाजाच्या आकारावरून जबाबदारीची कमाल मर्यादा ठरवून मागू शकतो, हे तत्त्व जगभर आहे, प्रतापनगरच्या काकांनी हे वाचावं. आणि हे सगळं कोर्टात चालू असताना मच्छीमार कुटुंबाच्या हातात पडलं काय, तर राज्य सरकारने जाहीर केलेले हजार रुपये आणि ६ किलो तांदूळ.

आपल्या मुंबईसमोर ऑगस्ट २०११ मध्ये एमव्ही राक नावाचं जहाज ६० हजार टन कोळसा घेऊन बुडालं, तेही बारा मैलांच्या बाहेरच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणारं कोर्ट, म्हणालं आमचा अधिकार तिथेही चालतो आणि जहाजवाल्यांना १०० कोटी भरायला सांगितले. साल २०१६. अपघात आणि निकाल यातलं अंतर तूच मोज.

"आमच्याकडे नाल्याला केमिकल-ऑइलचा वास येतो. आमदारांना विचारलं तर म्हणे केंद्राचा विषय, खासदारांच्या ऑफिसात गेलो तर म्हणे प्रदूषण मंडळ राज्याचं. मतदान कशासाठी करतो आपण?"
एक वाचक, हिंगणा रोड

दोघंही खोटं नाही बोलले, फक्त अर्धंच बोलले. त्यांनी विषय सांगितला, तुम्ही खातं विचारायला पाहिजे होतं. "नाल्याला वास येतो" हा प्रश्न कोणालाही टोलवता येतो. "अमुक नाल्याच्या पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाने या वर्षी किती वेळा घेतले आणि निकाल काय आले" हा प्रश्न सभागृहात फक्त आमदारच विचारू शकतो आणि फक्त राज्याचा मंत्रीच उत्तर देऊ शकतो. तसंच "अमुक डेपोची शेवटची तपासणी कधी झाली" हा खासदाराचा, कारण पेसो केंद्राची.

आणि आपल्याला एक सोय आहे जी साताऱ्या-सांगलीवाल्याला नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा अख्खं विधिमंडळ आपल्या दारात येतं. लोक त्या दिवसांत रस्ते बंद म्हणून शिव्या घालतात आणि संत्र्याच्या पेट्या पाहुण्यांना पाठवतात, बस. अधिवेशनाच्या कितीतरी आधी, शक्य झालं तर दिवाळीआधीच, आमदाराच्या पीएच्या हातात लिहून तयार केलेला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, द्या, भाषा तीच वापरा, "हे खरे आहे काय" आणि "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली". मी इतकी वर्षं ती उत्तरं वाचून राहिलोय, "हे खरे नाही" आलं की समजायचं फाइल कोणी उघडलीच नाही, पण "हे अंशतः खरे आहे" आलं ना, की तिथे काहीतरी आहे. मग माहिती अधिकारात तो अंश कोणता ते विचारायचं. एका आमदाराने नाही घेतला तर विरोधातल्याला द्या, त्याला आवडतंच असलं काही.

राहिला मतदानाचा प्रश्न, तर मत तुमचं एक, आणि निवडणुकीचा खर्च कंपन्यांचा. पूर्वी कायदा असा होता की कंपनीने आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी द्यायची. २०१७ ला ती मर्यादा काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले, म्हणजे कितीही द्या आणि गुपचूप द्या. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तेव्हा देणगी कोणी दिली ते आता शोधलं तर सापडू शकतं. शोधा.

"गावाजवळच्या कारखान्याने विहिरी खराब केल्या, मग सीएसआरमधून आरओ प्लांट बसवला, उद्घाटनाला पेढे वाटले. आता भरपाई मागितली तर म्हणतात दिली की."
एक वाचक, बुटीबोरीजवळून

नाही दिली. ज्या कंपन्यांना तो नियम लागू होतो त्यांनी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्चायचे असतात, आणि त्याच्या नियमात साफ लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. घाण केलेली विहीर साफ करणं हे देणं आहे, दान नाही. पेढे खाल्ले असतील तर खाल्ले, त्याने हक्क जात नाही.

यात आपल्या नागपूरचा हात कसा ते सांगतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरींचं पाणी चहासारखं करून टाकलं होतं. सुप्रीम कोर्टाने नुकसान मोजायला सांगितलं आपल्या वर्धा रोडच्या नीरीला, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेला, त्यांच्या लोकांनी माती-पाणी तपासून दुरुस्तीचा आकडा काढला, सुमारे ३७ कोटी ३८ लाख. १९९६ चा तो निकाल, "प्रदूषण करेल त्याने भरावं" हे तत्त्व त्यातून आपल्या कायद्यात पक्कं झालं. आणि पैसे? कंपनीने अर्जावर अर्ज करून पंधरा वर्षं काढली, २०११ ला कोर्टाने वैतागून चक्रवाढ व्याज लावलं. म्हणून आरओच्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही करू नका, सरपंचालाही करू देऊ नका.

एक वाईट बातमीही देतो. पर्यावरण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत तुरुंग होता, १ एप्रिल २०२४ पासून तो काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. सरकार म्हणतं वसुली लवकर होईल. असेलही. पण मोठ्या कंपनीला १५ लाख म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनाचा मांडव.

"भाऊसाहेब, आमच्या विहिरीला तीन महिन्यांपासून रॉकेलसारखा वास येतो, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. गल्लीच्या तोंडाशी पंप आहे आणि चार गॅरेज. पंपवाले म्हणतात गॅरेजवाल्यांचं, गॅरेजवाले म्हणतात पंपाचं. आम्ही कुठे जायचं? सून गरोदर आहे."
एक काकू, कामठी रोड

काकू, आधी पाणी पिणं आजच थांबवा, स्वयंपाकालाही नको, आणि त्याने आंघोळही नको. बाकीचं नंतर.

आता त्या रंगांची परीक्षा घरीच करा. बादलीत पाणी काढा, ते शांत होऊ द्या आणि वरच्या पापुद्र्याला काडीने टोचा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले तर बहुतेक लोखंडावर वाढणाऱ्या जिवाणूंचा थर आहे, दिसतो वाईट पण तेल नाही. काडी फिरवल्यावर रंग वळसे घेत परत एक झाले तर तेल. तुम्हाला वास पण येतो म्हणता, म्हणून मला तेलाचीच शंका जास्त.

गॅरेज की पंप, हे नुसतं भांडून नाही कळणार. आमच्या इतवारीतल्या वाड्यामागे एक गॅरेज होतं, तिथला पोरगा रोज संध्याकाळी जळकं ऑइल नालीत ओतायचा, आणि आमची आजी काय करायची, तर त्याच्याकडून डबाभर मागून आणायची, वाड्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला. आम्हाला वाटायचं फुकटात काम झालं. तेव्हा आपणही सगळे धुतल्या तांदळासारखे नाही. पण ते ऑइल काळं, जड, त्याला वास वेगळा. पेट्रोल-डिझेल हलकं असतं, जमिनीखालच्या टाकीला बारीक भोक पडलं की महिनोन्महिने झिरपत भूजलावर जाऊन तरंगतं. कुठलं आहे ते लॅबच सांगेल, आणि गॅरेजवाल्यांनी जळकं ऑइल अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असा नियम आहे, त्यांच्याकडे पावती मागा, चेहरा पाहण्यासारखा होईल.

तुमच्यापुरता नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकमध्ये नको, काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवू नका कारण जे शोधायचंय तेच उडून जातं, थंड ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. पण हा रिपोर्ट तुमच्या समाधानाचा, तक्रारीला बळ येण्यापुरता. कायदेशीर कारवाईला चालतो तो नमुना प्रदूषण मंडळाच्या माणसाने रीतसर घेतलेला, समोरच्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून. म्हणून सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक सेमिनरी हिल्सला पेसोकडे, त्यात टाकीची गळती तपासणी आणि साठ्याचं रजिस्टर पाहायची मागणी करा. आलेला माल, विकलेला माल आणि डिपस्टिकने मोजलेला उरलेला माल याचा मेळ रोज लिहायचा असतो, आणि टाकी गळत असेल तर तो मेळ महिनाभरात बोलायला लागतो. तिन्ही ठिकाणी पोच घ्या, शिक्का, तारीख. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

महिनाभरात काही हललं नाही तर हरित न्यायाधिकरण. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, अर्ज ऑनलाइन टाकता येतो. भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे पण नुसता आदेश हवा असेल तर सहाच महिने, आणि तुमचे तीन गेलेत. तिथे चूक कोणाची हे सिद्ध न करताही भरपाई मागता येते, तेल त्यांच्या टाकीतून तुमच्या विहिरीत आलं एवढं दाखवलं की पुरे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि तीन महिन्यांत कधी पाऊस झाला, कधी वास वाढला, कोणाचं पोट बिघडलं, टँकर कोणत्या दिवशी खाली झाला, हे सगळं सुनेच्या फोनवर नको, एका वहीत तारखेसकट लिहायला लागा, दुधाचा हिशेब लिहिता तसा. शेजारच्या दोन घरांच्या विहिरी पण उघडून पाहा, आणि त्यांची नावं अर्जात आपल्या नावाच्या खाली घाला. वही भरली की मला कळवा, मी येतो कामठी रोडला.